सोसणं कुणासाठी

आमच्या गावात बाईच्या अंगातल्या एका जागेला नाव नाही. म्हणजे नावं पुष्कळ आहेत, पण ती सगळी बाप्यांच्या तोंडी, शिव्यांत. बैल अडला की निघतात, पत्त्यांचा डाव गेला की निघतात. बायकांच्या तोंडी एकच शब्द, ‘तिथं’. तिथं आग होतीय, तिथं खाजतंय. सप्त्यात महाराज ‘चौऱ्यांशी लक्ष योनी’ असं खड्या आवाजात म्हणतात, म्हातारे माना डोलावतात, कुणाला काही वाटत नाही. तोच शब्द दवाखान्यात डॉक्टरनं उच्चारला की आमच्या बाईचा पदर तोंडावर जातो.

मी आज ५८ वर्षांची आहे. कराड तालुक्यात कृष्णेच्या काठी आमचं गाव. बावीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. पोरांची वजनं घ्यायची, खाऊ वाटायचा, आणि पोरांना घेऊन आलेल्या बायकांचं ऐकायचं. हे ऐकणं कुठल्या रजिस्टरात लिहावं लागत नाही, पण कामातला निम्मा वेळ त्यातच जातो. पाळीचं, पोटाचं, पांढरं जाण्याचं बायका सांगायच्या. पाळी गेल्यानंतर जे होतं ते मात्र कुणी सांगायचं नाही. ते मला माझ्याच अंगानं सांगितलं.

पाळी जाण्याचं आमच्याकडं कौतुक असतं. ‘सुटलीस बाई’ म्हणतात. आणि खरंच सुटका असते. लोणच्याच्या बरणीला कधीही हात घालावा, कुरडयांच्या चिकाला कुणी नको म्हणत नाही, देवाचं करताना तारीख मोजावी लागत नाही, वारीला जायचं तर गोळ्या खाऊन पाळी पुढं ढकलावी लागत नाही. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाळी गेली तेव्हापासून घरात जास्तच ताठ चालायला लागल्या होत्या. देवघराची किल्ली कमरेला आली होती. सोयराबाईनं सहा-सातशे वर्षांपूर्वी अभंगातून विटाळाचा जाब विचारला, पण आमच्या घरानं तो ऐकला नाही. आमच्या घरापुरता विटाळ संपायचा तो वयानंच.

पण गंमत अशी, की घर ज्या वर्षी बाईला शुद्ध ठरवतं, त्याच सुमाराला तिला स्वतःला आपण घाण आहोत असं वाटायला लागतं.

माझी पाळी ४७ व्या वर्षी गेली. पहिली दोन वर्षं अंगातून वाफा निघायच्या, थंडीत गोधडी फेकून द्यायची मी. ते हळूहळू कमी झालं. आणि मग हे दुसरं सुरू झालं. आधी नुसती कोरड. मग चुरचुर. दिवसभर भुईमुगाच्या वाफ्यात उकिडवं बसून खुरपायचं, घामानं परकर चिकटलेला, आणि संध्याकाळी घरी येताना मांड्या लांब टाकून चालायचं, कुणी बघत नाही ना ते बघत. लघवीला गेलं की आग. म्हणून बायका पाणीच कमी पितात, शेतात आडोसा नसतो हेही कारण आहेच, आणि पाणी कमी प्यायलं की लघवी आणखी जाळते. रात्री झोपेत हात जातो, सकाळी कातडी सोललेली असते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं माझ्याआधी सुरू झालेलं. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. त्यांना वाटलं, आपल्याकडून धुण्यात हयगय होतीय. जन्मभर ऐकलेलं की ती जागा घाणीची, मग आग होतीय म्हणजे घाण राहिली असणार. म्हणून साबण. अंगाचा साबण पुरेना म्हणून कपड्याची वडी. तीही पुरेना म्हणून जखम धुवायचं ते वासाचं औषध बादलीत टाकून. वर पावडर. मग मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणलं, पोराला ‘पायाला लावायचंय’ सांगून. दोन दिवस गार वाटलं, आठव्या दिवशी दुप्पट. अक्का न्हाणीत तांब्यामागून तांब्या गार पाणी ओतत बसायच्या. मी एकदा रात्री दोनला उठले तर न्हाणीत पाण्याचा आवाज. म्हटलं, “अक्का, काय झालं?” तर म्हणाल्या, “काय न्हाई गं, उष्णता झालीय.”

‘उष्णता’ हा शब्द आमचा मोठा पदर. त्याखाली सगळं झाकतं. सब्जा भिजवून प्या, धन्या-जिऱ्याचं पाणी प्या, तळपायाला एरंडेल चोळा. त्यातलं काही वाईट नाही, जीवाला बरंच वाटतं. पण चुरचुर थांबत नाही. आणि थांबली नाही की बाई म्हणते, माझ्याच नशिबाला. अक्का तर एकदा म्हणाल्या की कुणाचं तरी वाईट चिंतलं असेल मी. एवढ्या साध्या दुखण्याला बाई पापापर्यंत जाऊन येते.

आता मूळ प्रश्नावर येते. सोसणं हा गुण आहे का?

मला माहेरी तो गुण म्हणून शिकवला, सासरी शिकवला, पोथीत वाचला. आणि मी त्याला हसणार नाही, कारण मी खरं सोसणं बघितलंय. माझं माहेर माणदेशातलं. ७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची. ती निम्मी खायची आणि निम्मी पदराला बांधून आम्हाला आणायची. तिच्या हाताला फोड होते, पोटात भूक होती, पण तिच्या भुकेचं माझ्या पोटात काहीतरी पडत होतं. त्याला मी त्याग म्हणते, उद्या कुणी शहाणा काहीही म्हणो.

पण अक्कांनी सहा वर्षं रात्री जागून काढल्या, त्यातून कुणाच्या ताटात काय पडलं? दादांना, म्हणजे माझ्या दिरांना कळलंही नाही. पोरांना कळलं नाही. सुनेचं काम हलकं झालं नाही, उलट अक्का चिडचिड करायच्या ती तिच्यावरच. ज्या सोसण्याला घेणाराच कुणी नाही, ते देणं कसलं? मी हे पुष्कळ दिवस मनात घोळवलं. देवाला पोचत असेल म्हणावं, तर देवानं असल्या कशाची मागणी केलेली मला कुठल्या पोथीत सापडली नाही.

हा विचार मला खुरपताना नाही, गोठ्यात सुचला. आमच्या म्हशीच्या सडाला थंडीत भेगा पडतात. आमचे हे त्यासाठी गोठ्याच्या फळीवर मलमाची डबी ठेवतात. दोन्ही वेळेला धार काढून झाली की सड कोमट पाण्यानं धुवायचे, पुसायचे, मलम लावायचं. म्हैस लाथ मारते, दूध चोरते, म्हणून कुणी तिला सोसायला सांगत नाही. गुरांचा डॉक्टर फोन केला की मोटारसायकलवरून येतो. का? दूध थांबतं म्हणून. आणि अक्का भाकरी थापायच्या थांबल्या नाहीत, खुरपायच्या थांबल्या नाहीत, म्हणून त्यांना डॉक्टर नाही. जे थांबलं की घर अडतं तेवढंच दुखणं खरं, असा हा हिशोब आहे. तो कुणी दुष्टपणानं मांडलेला नाही. दादा चांगले माणूस आहेत. हिशोब आपोआप तसा पडत गेला, आणि आम्ही बायकांनीही तो बरोबर आहे असं धरून चाललो.

याच हिशोबाची दुसरी बाजू मी उसाच्या फडात बघितली. दरवर्षी दिवाळीनंतर आमच्याकडं बीडकडच्या टोळ्या येतात. आमच्या मळ्याच्या बांधाला त्यांच्या कोप्या पडतात. एका वर्षी त्यातली एक बाई माझ्याकडं गरम पाणी मागायला यायची. पस्तिशीची असेल, दिसायची पन्नाशीची. हळूहळू बोलायला लागली. पिशवी काढून टाकलेली. पाळीत फडात उभं राहवत नव्हतं, दिवस मोडला की मुकादम खाडा लावायचा, नवरा-बायकोचा मिळून कोयता, एक बसला की दोघांची मजुरी बुडते. मग काढूनच टाकली. २०१९ साली ही गोष्ट पेपरांत आली, विधिमंडळात गाजली, सरकारनं समिती नेमली, तेव्हा मला ती आठवली. तिचीही तीच तक्रार, आग, कोरड, लघवीची जळजळ. नुसती पिशवी काढली तर पाळी जाते, पण बीजकोशही काढले तर बाई एका दिवसात तिथं पोचते जिथं मी ४७ व्या वर्षी पोचले. तिच्या कागदावर काय काय काढलं ते तिला माहीत नव्हतं. म्हणजे दुखणं कामाच्या आड आलं तर अवयव काढायचा, आणि आड येत नसेल तर तोंड दाबून बसायचं. बाईला काय होतंय हा प्रश्न दोन्हीकडं नाहीच.

माझ्या बाबतीत गाठ सुटली ती घरातच. सांगू की नको असं वाटत होतं, पण एवढं लिहिल्यावर तेवढंच गाळण्यात काही अर्थ नाही. नवरा-बायकोचं म्हणून जे असतं, ते मला दुखायला लागलं होतं. मग सबबी. डोकं दुखतंय, उद्या लवकर उठायचंय, अंगणवाडीची मीटिंग आहे. यांना वाटायला लागलं हिचं मन उडालं. बोलणं कमी झालं, जेवताना नुसतं मीठ वाढ, आमटी वाढ. अशा वेळी गावात दोनच गोष्टी समजतात, एक तर बाई रुसली नाहीतर बाप्या बाहेर बघतोय. कातडी कोरडी पडली असेल असं तिसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही.

एका रात्री लाईट गेलेली, आम्ही ओट्यावर बसलेलो. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मी बोलले असेन.

“अहो, मला दुखतं. म्हणून मी टाळते.”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “मग सांगायचं न्हाई का?”

“तुम्हालाच सांगतीय की.”

“कवापासनं?”

“दोन वर्षं झाली.”

“अगं, म्हशीला आठ दिस आधी औषध आणतो मी,” असं म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले. त्यांना राग आला की वाईट वाटलं ते मला अंधारात कळलं नाही. सकाळी चहा पिताना म्हणाले, “बुधवारी कराडला जाऊ.”

पहिल्यांदा गेलो तो डॉक्टर पुरुष. मान वर न करता म्हणाला, “वय झालं मावशी, चालायचंच.” तपासलं नाही, पाचशे रुपये घेतले. बाहेर येऊन हे मला म्हणाले, “गुडघा दुखला तर हा असं म्हणंल का?” मग दुसरीकडं गेलो. डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी तपासलं, यांनाही आत बोलावलं आणि एका कागदावर चित्र काढून सांगितलं. ते माझ्या भाषेत इथं लिहिते, कारण हे कुणी आम्हाला आधी सांगितलं नव्हतं.

वर्षभर सलग पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडं साधारण ४६-४७ व्या वर्षी. बीजकोशातून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात येत असतो, तो आटतो. त्याच्यावरच तिथली कातडी जाड, ओली, लवचिक राहते. तो गेला की अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो, लघवीची वाटही त्याच मापात नाजूक होते. अंगातल्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत कमी होतात, पण ही कोरड आपोआप जात नाही, उपचार केला नाही तर वाढतच जाते. साधारण निम्म्या बायकांना होते. निम्म्या! म्हणजे आमच्या खुरपणीच्या पातीला दहा जणी असतील तर पाच जणी मांड्या लांब टाकून चालत होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच.

दुसरं त्यांनी सांगितलं ते मला फार पटलं. निरोगी बाईच्या तिथं आंबटपणा असतो. दह्याच्या विरजणात असतात त्याच घराण्यातले जंतू तो धरून ठेवतात आणि वाईट जंतूंना येऊ देत नाहीत. वय झालं की ते कमी होतात. आणि साबण त्या आंबटपणावरच घाला घालतो. दह्याच्या गाडग्यात कुणी साबण ओततं का? (म्हणून तिथं दही लावायचं असं नाही, तेही त्यांनी बजावलं, कारण पुढचा प्रश्न मी तोच विचारणार होते.) साधं पाणी, तेही वरच्या वर. वासाची औषधं, पावडर, अत्तराचे पुसायचे कागद काही नको. सुती कपडा, ओला परकर लगेच बदलायचा. कोरड कमी असेल तर ओलावा धरून ठेवणारं मलम मिळतं ते लावायचं. जवळ येण्याच्या वेळी पाण्यासारखं वंगण मिळतं ते वापरायचं. बाहेरून खोबरेल तेल चालतं. एवढ्यानं भागलं नाही तर इस्ट्रोजेनचंच मलम, अगदी थोड्या मात्रेचं, आतून लावायचं. मला तेच दिलं. आधी दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते बहुतेक जागच्या जागीच काम करतं, रक्तात फार थोडं जातं. तरी छातीचा कॅन्सर झालेला असेल तर आधी सांगायचं. हे आपल्या मनानं मेडिकलमधून आणायचं नाही.

आणि सगळ्या खाजेला पाळी जाण्याच्याच खात्यात टाकू नका, असंही म्हणाल्या. साखरेच्या आजारात बुरशी होते, तिला वेगळं औषध. कातडीवर पांढरे चट्टे पडले, ती कागदासारखी पातळ दिसली तर तो वेगळा आजार असतो. आणि पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, थेंबभर, तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठायचा.

मला सहा-सात आठवड्यांत फरक पडला. नवल काही घडलं नाही, मी पंचविशीची झाले नाही. पण रात्री झोप लागते, आणि घरात बोलणं पुन्हा सुरू झालं. आता हे मला आमटी तिखट झाली म्हणून ओरडतात, म्हणजे सगळं सुरळीत आहे.

माझी भाची नर्स आहे. तिनं सांगितलं की या दुखण्याचं इंग्रजी नाव २०१४ साली बदललं. आधीच्या नावाचा अर्थ आक्रसून झिजणं असा होता, आणि त्यात त्या जागेचा उल्लेख होता. तिकडच्या तज्ज्ञांच्या सभेत असं म्हणणं पडलं की तो शब्द चारचौघांत उच्चारायला लोक संकोचतात. मला हसूच आलं. म्हणजे लाज काही आमच्याच न्हाणीत जन्मलेली नाही, ती विमानानंही फिरते.

लाजेबद्दल एक सांगायला हवं. मी लाजेच्या विरुद्ध नाही. सगळ्या बायकांनी पारावर बसून हे बोलावं असं मला वाटत नाही. आत्याबाई अंग झाकून घ्यायच्या त्यात एक अब्रू होती, ती मला आवडायची. पण झाकणं वेगळं आणि लपवणं वेगळं. जखम पदराखाली झाकली तरी तिला औषध लावता येतं. लपवली तर आपल्यालाही ती आहे म्हणता येत नाही. आत्याबाई शेवटची काही वर्षं वारंवार लघवीला जायच्या, जाताना कण्हायच्या, आणि विचारलं की ‘काय न्हाई’ म्हणायच्या. त्यांना काय होत होतं ते आज मला सांगता येणार नाही. त्या असत्या तर विचारलं असतं, आणि त्यांनी उत्तर दिलं नसतं, हेही मला माहीत आहे.

सून म्हणून मला जे त्यांच्याकडून मिळालं, त्यात लोणच्याचं प्रमाण होतं, पुरणाचा कट होता, बाळंतिणीचा डिंकाचा लाडू होता. पन्नाशीनंतर अंगाचं काय होतं ते नव्हतं, कारण ते त्यांनाही कुणी दिलं नव्हतं. माझ्या मुलीला मी सांगितलं. ती ३४ ची आहे, पुण्यात असते, म्हणाली, “आई, फोनवर काय हे!” पण फोन ठेवला नाही तिनं.

अक्कांना पटवायला मात्र मला वर्ष लागलं. आधी म्हणाल्या, “मला काय आता, चार वर्षं राह्यली.” मी म्हटलं, “चार वर्षांच्या राती किती होत्यात, मोजा.” त्यावर गप्प. साबण सोडला तेवढा, खोबरेल लावायला लागल्या. दवाखान्याचं नाव काढलं की भाजी निवडायला घ्यायच्या. परवा दारात उभ्या राहून, आत न येताच, मला म्हणाल्या, “तुज्या त्या डॉक्टरीणबाई बुधवारीच असत्यात का?”

“असतात. दहाला येतात.”

“मग मला कराडात चपला घ्यायच्या हायत्या, त्या बुधवारीच घेऊ.”

मी यांना सांगितलं, बुधवारी भाकरी सकाळीच थापून ठेवते, आमटी तेवढी गरम करून घ्या.